पाण्याला माजी म्हणतात

आमच्या कोन गावात आता दोन घरांआड एखादा माणूस परदेशात असतो. कुणी बोटीवर, कुणी आखातात, कुणी आणखी कुठे. सुट्टीवर आला की पेट्या उघडतात, साबण-अत्तरं वाटली जातात, आणि कधीकधी पंधरा दिवसांत तोच माणूस दोन गोधड्या अंगावर घेऊन कुडकुडत पडलेला असतो. घरचे म्हणतात, पाणी बदललं, बाधलं असेल. असं काही कानावर आलं की माझी सासू हातातलं काम टाकून त्या घरी जाते आणि उंबऱ्यातूनच विचारते, "डाक्टरला सांगितलंस का, कुठून आलास ते?"

लोक हसतात. म्हातारीला फॉरेनचं वेड लागलंय म्हणतात. मला हसू येत नाही, कारण ती हे कुठून शिकली ते मला माहीत आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आता सांगायला हरकत नाही. खरं तर तेव्हाच सांगितली असती तर फार बरं झालं असतं.

माहेरी गेलेय

मी नवीन पनवेलला शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. माहेर रोह्याचं. माझे यजमान फिटर. तेव्हा ते टांझानियात, घायपाताचे दोर वळायच्या एका कारखान्यात होते. घरी आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्याच्या दोन वर्षं आधी हे सुट्टीवर येऊन गेले, तेव्हा मला दिवस गेले होते. आईंना कोण आनंद! दुसऱ्याच महिन्यात त्यांनी मावरं विकायला येणाऱ्या कोळणीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. पंधरा दिवसांत ते गेलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, कुणाचा दोष नसतो. आईंच्या मते दोष होता आणि तो त्यांच्या तोंडाचा होता. "मी बोलले नि नजर लागली," एवढंच त्या म्हणत राहिल्या.

मग यांचं पत्र आलं, की कंपनी एकदा घरच्या माणसाला तिकीट देते, मे महिन्याच्या सुट्टीत ये. मी का-कू करत होते. आई भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "जा. नवरा तिथं नि बायको इथं, पालना काय टपालानं येनार हाय?"

पण अट एक. कुणाला सांगायचं नाही. सून म्हायेरी गेलेय, एवढंच गावाला कळायला हवं. रोह्याला माझ्या आईवडिलांनाही तसं पढवून ठेवलं. वर्गात मी फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहिणारी बाई, पण मीही मान डोलावली. तो बेत मला आवडलाच होता म्हणा. कुणाचे खोचक प्रश्न नकोत, कुणाच्या याद्या नकोत.

जायच्या आधी मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागली. त्याचं एक छोटं पिवळं पुस्तक मिळतं. आईंनी ते देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू लावलं. त्यांची समजूत झाली की आता तिथला कुठलाही ताप मला शिवणार नाही. मी शिकलेली, पण माझीही मनातून तीच समजूत होती.

टांगा नावाचं गाव

यांच्या गावाचं नाव टांगा. आई म्हणाल्या होत्या, "मंग तिथं रिक्षा नसंल." समुद्राकाठचं गाव, माडाची झाडं, कौलारू घरं. डोळे मिटले तर उरणला आल्यासारखं वाटायचं. दीड महिना मी खूप सुखात होते. शेजारची झुहुरा नावाची प्रौढ बाई मला तिथली भाषा शिकवायची. तिथे मोठ्या बाईला मामा म्हणतात आणि पाण्याला माजी. "मामा, माजी!" असं रोज सकाळी तिच्या नळावर जाऊन म्हणायचं, की ती कळशी भरून द्यायची.

परत आल्यावर मी हे आईंना सांगितलं, तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या गावात 'माझी'ला माजीच म्हणतात. "म्हंजे मामाच्या दारात जाऊन म्हनायचं, पानी माजी! नि मामा बाईमानूस!" त्यानंतर चार दिवस तरी त्या मला "माजी पाहिजे का गं?" असं विचारून पाणी देत होत्या.

यांनी तिथे दर रविवारी मला एक कडू गोळी द्यायला सुरुवात केली होती, मलेरिया होऊ नये म्हणून. निघताना आणखी गोळ्या बरोबर दिल्या आणि बजावलं, घरी गेल्यावरही चार आठवडे घे, विसरू नको. मी एकच घेतली. कारण आल्यावर आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं की पाळी चुकलेय.

आईंना सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. उठून त्यांनी आधी दार लोटलं, मग मीठमोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली आणि मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, "तीन म्हैने व्हईपर्यंत शबुद काढायचा नाय. डाक्टरकडं पन तवाच जाऊ. नि त्या गोल्या नको, गरम पडतील." मी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या.

पडदा

येऊन बारा दिवस झाले होते. वर्गात पाढे म्हणून घेत होते आणि एकदम हातातला खडू हलायला लागला. थंडी इतकी वाजली की पुढच्या बाकावरच्या मुली घाबरून उभ्या राहिल्या. घरी आले, उलट्या सुरू झाल्या. आई घाबरल्या नाहीत, उलट लपवून हसल्या. "पयल्या दिवसांत व्हतं असं." त्यांनी कुठून तरी चिंच आणून दिली. तापानं अंग भाजत होतं आणि मी डोहाळे पुरवल्यासारखी चिंच चोखत होते. ती आठवण आली की अजून माझे दात आंबतात.

दुसऱ्या दिवशी पनवेलच्या दवाखान्यात गेलो. तिथे डॉक्टरांचं टेबल आणि बाहेरचा बाक यांच्यामध्ये फक्त एक हिरवा पडदा. बाकावर कोनच्याच तीन बायका बसलेल्या. आम्ही पडद्याआड गेलो तशा त्या बोलायच्या थांबल्या. ऐकण्यासाठीच थांबल्या, दुसरं काय!

डॉक्टरांनी नाडी बघितली आणि विचारलं, "गेल्या महिन्याभरात बाहेरगावी कुठे गेला होतात?"

आई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "म्हायेरी गेली व्हती. रोह्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

"पाळी वेळेवर आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

दोन प्रश्न, दोन्ही उत्तरं खोटी. त्यांनी चांगल्या मनानं आणि आम्ही सांगितलं तेवढ्यावर औषध दिलं. सगळीकडे नव्या इमारतींच्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं, घरोघर हिवताप होता, त्यालाच देतात त्या गोळ्या. एक दिवस ताप उतरलाही. आईंनी मला मऊभात भरवला. चौथ्या दिवशी तो पुन्हा चढला आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

मला सांगितलेलं

पुढचं सगळं ऐकीव आहे. बरंचसं आईंनीच सांगितलं, पण एका दमात नाही. वर्षभर तुकड्यातुकड्यांनी सांगत होत्या.

सकाळी त्या मला उठवायला आल्या तर मी डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते आणि एकच शब्द म्हणत होते. माजी. माजी. माजी. आईंना वाटलं, मी पोटातल्या बाळाबद्दल बोलतेय. माझी, माझी म्हणतेय. त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुजीच गं पोरी, तुजीच हाय. कोन नेतंय तिला?" मी म्हणतच राहिले आणि त्या "तुजीच, तुजीच" म्हणत मला थोपटत राहिल्या. शेजारी तांब्या भरून ठेवलेला होता.

मग त्यांना माझे डोळे पिवळे दिसले. शेजाऱ्यांनी जीप काढली. पनवेलच्या डॉक्टरांनी मला जीपमध्येच तपासलं आणि तसंच मुंबईला न्यायला सांगितलं.

तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. बाहेरगावी? परदेशात? आजूबाजूला इतर पेशंटांची माणसं होतीच. आईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं, "म्हायेरी. रोह्याला." मी नंतर त्यांना विचारलं, तेव्हाही का? त्या म्हणाल्या, "माज्या डोक्यात येकच. मागल्या टायमाला बोलले नि गेलं."

डॉक्टरीणबाई लिहून घेऊन दुसऱ्या खाटेकडे वळल्या. तेवढ्यात वॉर्डातल्या मावशींनी ओला कापूस माझ्या ओठांवरून फिरवला. मी तो चोखला आणि गप्प झाले. कापूस काढला की पुन्हा सुरू, माजी. कापूस लावला की गप्प.

आईंना तेव्हा आठवलं. त्या डॉक्टरीणबाईंच्या मागे धावल्या. "ओ बाय, थांबा! ती पानी मागतेय."

"द्या ना मग. थोडं थोडं द्या."

"तसं नाय वो. तिथं पान्याला माजी म्हनतात."

"तिथं म्हणजे कुठं? रोह्याला?"

आई सांगतात, त्या वेळी सगळा वॉर्ड आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं. मग त्या जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "आफ्रिकेला! माजी सून आफ्रिकेला गेली व्हती. नि तिला दिवस हायेत."

डॉक्टरीणबाई वळल्या. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि नर्सला हाक मारली. पंधरा मिनिटांत माझ्या सलाईनमध्ये दुसरं औषध सुरू झालं. तिकडचा मलेरिया वेगळा, चिवट असतो, पनवेलच्या गोळ्यांना जुमानत नाही, हे त्यांनी नंतर आम्हाला समजावून सांगितलं. आणखी एक दिवस गेला असता तर मी हे लिहायला उरले नसते.

कानातले रातकिडे

मी शुद्धीवर आले ती दुपार होती. कानात रातकिड्यांचा प्रचंड आवाज. त्या औषधानं होतो तसा. डॉक्टरीणबाई खाटेवर बसून मोठ्यानं बोलत होत्या, तरी मला त्यांचे ओठच जास्त दिसत होते. त्यांनी सांगितलं की मी वाचलेय. मग माझा हात हातात घेऊन सांगितलं की बाळ आदल्या दिवशी गेलं.

मी आईंना शोधलं. त्या पायथ्याशी खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत.

दवाखान्यातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. पहाटे तापाची काच, मग बोटाला सुई, मग झाडू, मग चहा. सुई टोचणाऱ्याची मी वाट बघायला लागले, कारण तो काय सांगतो त्यावर माझं पुढचं ठरायचं. "आज रक्तात जंतू कमी आहेत," म्हणाला की मला आनंद व्हायचा, पहिला नंबर आल्यासारखा. वॉर्डातल्या मावशींनी एकदा माझ्या केसांच्या जटा तेल लावून, अर्धा तास खपून सोडवल्या. त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा रडले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, हळूहळू फणी फिरवत राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आई माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपायच्या. पण बोलायच्या नाहीत. माझी सासू, जी कोनच्या नाक्यापासून पनवेलच्या बाजारापर्यंत अखंड बोलत जाते, ती मुकाट्यानं बसायची. डबा आला की मला भरवायची आणि स्वतःचं ताट झाकून ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, तुम्ही जेवला नाहीत तर मीही तोंड उघडणार नाही.

तेव्हा त्या बोलल्या. "मी खोटं बोलले म्हनून गेलं. बोलले तवा पन गेलं, नाय बोलले तवा पन गेलं. माजंच तोंड वायट."

"मान मी डोलावली होती, आई."

"तू आजारी व्हतीस."

"पडद्याआड गेले तेव्हा चांगली शुद्धीत होते. पाळीचं तर मीच खोटं सांगितलं. तुम्ही कुठे सांगितलंत?"

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा दोष त्यांनी एकटीनं उचलून घेतला होता. मग त्या खाटेवर माझ्याशेजारी बसल्या आणि आम्ही दोघी भर वॉर्डात, कोण बघतंय कोण नाही याचा विचार न करता रडलो. रडून झाल्यावर एका ताटात जेवलो. भेंडीची भाजी होती, गार झालेली.

पत्र

घरी आल्यावर यांचं पत्र आलं. आईंना वाचता येत नाही, पत्रं मीच वाचून दाखवते. यांना सगळं कळलं होतं आणि त्यांचा राग कागदावर मावत नव्हता. आईच्या खुळचट समजुतींपायी माझं मूल गेलं, बायको जाता जाता राहिली, तिला सांग, मी तिच्याशी बोलणार नाही. असं पान भरून.

मी वाचलं ते असं, की प्रकृतीला जपा, आईनं धावपळ केली म्हणून तू वाचलीस, तिला नमस्कार.

आई ऐकून घेत होत्या. मग पत्र हातात घेऊन त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं. "दोनी बाजूनी लिवलंय," त्या म्हणाल्या. "येवडंच व्हतं?"

"अक्षर मोठं आहे त्यांचं," मी म्हटलं.

त्यांनी पत्र घडी करून मला परत दिलं आणि चहा ठेवायला गेल्या. यांना मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं, त्यात पडद्याआड मी काय काय बोलले ते पहिल्या ओळीपासून लिहिलं आणि वर लिहिलं, आता माझ्याशीही बोलू नका. पुढचं पत्र आलं ते मला एकही शब्द न गाळता वाचता आलं.

एवढंच सांगायचं होतं

असल्या दुखण्यातून जाणाऱ्यांना मी काय सांगणार? औषधं डॉक्टरांनी सांगावीत. पण घरात कुणी बाहेरून आलेलं असेल, आणि महिन्या-दोन महिन्यांत ताप आला, तर कुठून आलो ते सांगा. 'बाहेरगाव' म्हणजे पुणे-नाशिकच असं समजू नका. प्रवासाच्या गोळ्या मनानं बंद करू नका, दिवस गेले असतील तर तेही पहिल्या दिवशी सांगा. आणि जो पेशंट शुद्धीत नाही तो काय बोलतोय ते नीट ऐका. बरळणं म्हणून सोडून देऊ नका.

ताप गेला तरी थकवा आणि भीती लवकर जात नाहीत. वर्षभर मला साधी थंडी वाजली तरी आई कपाळावर हात ठेवायला धावायच्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरच्यांना धावू द्या.

पुढच्या वर्षी हे कायमचे परत आले, उरणच्या बाजूला नव्या बंदरात कामाला लागले. विमानतळावरून येताना आईंनी त्यांना घरी न आणता आधी दवाखान्यात नेलं. ठणठणीत माणूस, हातात पेट्या घेऊन डॉक्टरांसमोर उभा! "आफ्रिकेवरून आलाय," आई म्हणाल्या, "बोटाचं रगत घ्या." यांनी मुकाट्यानं बोट पुढे केलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझी पाळी चुकली. मी आईंना सांगितलं तेव्हा त्या पुन्हा चुलीपुढेच होत्या. मला वाटलं, आता दार लोटतील. त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल."

"आई, अजून दीड महिनासुद्धा झाला नाही."

"म्हनूनच चल."

वाटेत मावरेवाली भेटली. तिला सांगितलं. बसमध्ये कंडक्टरला सांगितलं. मी खाली मान घालून बसले होते, शेवटी न राहवून म्हटलं, "आई, नजरेचं काय?"

"लागू दे ज्याची लागायची त्याची," त्या म्हणाल्या. "डाक्टरची नजर आदी लागली पायजे. तीच चुकली व्हती."

दवाखान्यात बाकावर चार बायका होत्या. आमचा नंबर आला. आत गेल्यावर डॉक्टरांनी पडदा ओढायला हात पुढे केला, तर आईंनी त्यांचा हात धरला आणि पडदा होता तो सगळा एका बाजूला सारला.

"काय म्हणताय आजी?" डॉक्टर म्हणाले. "बाहेरगावी कुठे गेली होती का सून?"

"आता कुटंच नाय. पन दोन वर्सांमागं आफ्रिकेला गेली व्हती, रोह्याला नाय. मी खोटं बोलले व्हते. नि आज तिला दिवस हायेत. लिवा सगलं."

डॉक्टरांनी लिहिलं. आई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. अक्षर ओळखता येत नसलं तरी लिहून होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

माझी मुलगी आता शाळेत जाते. तहान लागली की आजीकडे 'माजी' मागते. आजी तांब्या भरून तिच्या हातात देते आणि म्हणते, "घे. तुजीच हाय."